कसूरदार मिळून आला नाही

मनुष्याला नुकसान सोसते, अपमान पचतो, फार काय, शेजाऱ्याची भरभराटही काही काळ सहन होते. परंतु ज्या गैरसोयीबद्दल कोणालाच बोल लावता येत नाही, ती गैरसोय मात्र त्याला क्षणभरही सोसवत नाही. नळाला पाणी आले नाही तर नगरपालिका आहे, दिवे गेले तर वायरमन आहे, चिरंजीव नापास झाले तर मास्तर आहेत (हे कसूरदारपद इतिहासाचा शिक्षक या नात्याने मी स्वतः सेवानिवृत्तीपर्यंत भूषविले), आणि यांपैकी कोणीच हाती लागले नाही तर निदान पत्नीचे माहेर आहे. कसूरदार एकदा मुक्रर झाला की गैरसोय निम्मी हलकी होते आणि उरलेली निम्मी त्याच्या नावाने खडे फोडण्यात सुखाने निघून जाते. पिढ्यान्‌पिढ्या सुरळीत चाललेल्या या व्यवस्थेत आमच्या साताऱ्याच्या घरी पहिला मोठा व्यत्यय 2025 सालच्या दिवाळीत आला, आणि तो एक छदामही न घेता आला.

आमच्या संगणकावर नांदत असलेल्या विंडोज 10 या प्रणालीची विनामूल्य देखभाल मायक्रोसॉफ्ट कंपनीने 14 ऑक्टोबर 2025 रोजी बंद केल्याचे वाचून मी काहीसा सचिंत झालो होतो. कारण नवी विंडोज 11 आमच्या जुन्या यंत्राला मानवणारी नव्हती, आणि नवे यंत्र माझ्या निवृत्तिवेतनाला मानवणारे नव्हते. अशा अडचणीत असताना भाऊबीजेला सांगलीहून बहीण आली, तिच्यासोबत अभियांत्रिकीचे शिक्षण घेत असलेला भाचा आला, आणि निरांजनाची वात अजून शांत झाली नाही तोच त्याने खिशातून बोटाएवढा पेनड्राइव्ह काढून जाहीर केले, "मामा, लिनक्स टाकून देतो. एकदम फ्री!" ज्या दिवशी मामाने द्यायचे त्या दिवशी मामाला काही मिळण्याचा हा योग इतका दुर्मीळ होता की मी तत्काळ संमती दिली.

भाच्याने मग या प्रणालीची वंशावळ सांगितली. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थांनी 1983 साली मुक्त प्रणालीचा संकल्प सोडला, हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या तरुणाने 1991 साली केवळ छंद म्हणून तिचा गाभा लिहिला, आणि तेव्हापासून जगभरातील हजारो मंडळी तिच्यात भर घालीत आली. आज तिला एक असा मालक नाही, तिचे अंतरंग कोणीही वाचावे, बदलावे, वाटावे. मी या औदार्याने सद्गदित होण्याच्या बेतात होतो, पण आमच्या सौभाग्यवतींनी व्यवहाराचा मुद्दा उपस्थित केला.

"मालक नाही, तर बिघडल्यावर जायचं कुणाकडे?"

"कम्युनिटीकडे, मामी."

"ती कुठं बसते?"

या प्रश्नावर भाचा नुसता हसला. पुढे जे घडले ते पाहता तो हसला नसता तर बरे झाले असते.

प्रणाली निर्विघ्नपणे बसली. संगणक सुरू झाला, पडद्यावर हिरवागार डोंगर उमटला, आणि त्या डोंगराकडे पाहताच आपला अजिंक्यतारा कोणी दोन्ही बाजूंनी धरून ताणला असावा असा भास झाला. अक्षरे धष्टपुष्ट झाली होती, वर्तुळे लंबगोल झाली होती, आणि सर्व चिन्हांना एक धूसर, आजारी कांती आली होती. "ड्रायव्हरचा प्रश्न आहे, अपडेट झाल्यावर आपोआप बसेल," असे आश्वासन देऊन भाचा आईसह दुपारच्या गाडीने सांगलीस रवाना झाला. आपोआप बसण्याची वाट पाहण्यात काही काळ गेला आणि मीही त्या धूसरपणाशी जुळवून घेतले. वयोमानाने जग असे दिसणारच, ही समजूत माझ्या प्रकृतीला मानवणारी होती.

तथापि एके संध्याकाळी सौभाग्यवतींनी कासच्या पठारावर काढलेली आमची छायाचित्रे पडद्यावर उघडली. आमच्या पडद्याची रुंदी 1600 चित्रबिंदूंची आणि उंची 900 ची. संगणक मात्र त्याला 1024 बाय 768 चेच चित्र पाठवी आणि पडदा ते ताणून स्वतःच्या मापाचे करी. परिणामी प्रत्येक वस्तू होती त्याहून एक तृतीयांश रुंद दिसे. फुलांचे त्यामुळे काही बिघडले नव्हते. मीही आयुष्यात प्रथमच बाळसेदार दिसत होतो. पण फुलांच्या मध्यभागी उभ्या असलेल्या सौभाग्यवतींनी स्वतःच्या त्या प्रतिमेकडे काही काळ निःशब्द पाहिले आणि मग एवढेच म्हणाल्या, "हे आजच्या आज दुरुस्त झालं पाहिजे." माझ्या आयुष्यातील बहुतेक संशोधनाला अशाच हुकुमांनी चालना मिळालेली आहे.

सेटिंग्ज नावाच्या दालनात जाऊन पाहिले तर 1024 बाय 768, 800 बाय 600 आणि 640 बाय 480 एवढेच पर्याय हजर होते, म्हणजे आहे त्याहून आणखी लठ्ठ होण्याची मुभा होती, बारीक होण्याची नव्हती. शेजारचे गृहस्थ जिल्हाधिकारी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले असून, अर्ज कोणाच्या नावे करायचा हे ठाऊक नसलेले कोणतेही प्रकरण ते बेकायदेशीर मानतात. त्यांनी खुर्ची ओढून पहिलाच सवाल केला, "खातं कोणतं?" खाते नाही, मालक नाही, तक्रारवही नाही, हे ऐकून त्यांनी अतीव कणवेने माझ्याकडे पाहिले.

"अहो, मग सरकारी घ्यायची होती! सी-डॅकने 2007 साली बॉस नावाची काढली होती ना? सरकारी म्हटली की कमीत कमी स्मरणपत्र तरी पाठवता येतं."

वार्ता पेठेत पसरली तसा सल्ल्यांचा ओघ सुरू झाला, आणि त्यातून मला एक गोष्ट उमगली की "मला माहीत नाही" हे तीन शब्द उच्चारण्यापेक्षा साताऱ्याचा माणूस पावसाळ्यात यवतेश्वराचा घाट अनवाणी चढणे अधिक पसंत करील. दूधवाल्याच्या मते दोष विजेच्या दाबाचा होता. वरच्या मजल्यावरील भाडेकरूच्या मते टेबलाचे तोंड दक्षिणेला होते. आणि पोवई नाक्याजवळच्या एका दुकानातील तरुणाने संगणक न पाहताच "कार्ड गेलंय, काका" असे निदान केले. कार्ड शाबूत असल्याचे मी सांगताच त्याने त्याच निर्विकार मुद्रेने दुसरे निदान दिले, "मग फॉरमॅट मारा."

अखेरीस सांगलीशी दूरध्वनीवरून संधान बांधण्यात आले. भाच्याने समजावले की पडद्यावर चित्र उमटवण्याचे काम 'एक्स' नावाची व्यवस्था करते; ती 1984 साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जन्मली, 1987 साली तिची अकरावी आवृत्ती निघाली, आणि तेव्हापासून आजतागायत ती अकरावीच चालू आहे. अडतीस वर्षे अकरावीतच असलेला विद्यार्थी माझ्या उभ्या नोकरीत मला आढळला नव्हता. आपल्या घरचे चित्र कोणाच्या हाती आहे याची तेव्हा मला प्रथम कल्पना आली. पूर्वी या 'एक्स'ला पडद्याची सर्व मापे एका फायलीत हाताने लिहून द्यावी लागत, आणि आकडा चुकल्यास जुन्या काचेच्या पडद्याला इजा पोहोचण्याचा संभव असल्याची ताकीदही तिच्या दप्तरात असे. "आता तसं काही नाही," भाचा म्हणाला, "आता फक्त दोन-तीन कमांड." त्याच्या स्वरातील सहजतेवर विसंबून मी पेन्सिल घेऊन बसलो.

त्या दोन-तीन आज्ञांपैकी एकीत अशी संख्यामाला होती: 118.25, 1600, 1696, 1856, 2112, 900, 903, 908, 934. एका सेकंदात साठ वेळा चित्र रेखाटायचे तर प्रत्येक ओळीला व प्रत्येक चित्राला किती अवसर द्यायचा याचा हा हिशेब होय. हिशेबाबद्दल माझी तक्रार नाही. परंतु भाच्याचे सर्व गणित इंग्रजीत झालेले आणि माझे सर्व मराठीत, त्यामुळे सांगली ते सातारा या प्रवासात प्रत्येक आकड्याला वाटेत वेश बदलावा लागत होता.

"मामा, सिक्स्टीन नाइन्टीसिक्स."

"सोळाशे शहाण्णव."

"म्हणजे किती?"

"एक, सहा, नऊ, सहा."

"हां, बरोबर. पण मामा, पहिला नंबर नीट घेतला ना? वन एटीन पॉइंट टू फाइव्ह."

आवाज मध्येच खरखरला. खात्री करून घ्यावी म्हणून मी विचारले, "एकशे एक्याऐंशी पूर्णांक पंचवीस?"

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. एक्याऐंशी म्हणजे नेमके किती याचा त्या शांततेत शोध घेतला गेला असावा आणि तो लागला नसावा, कारण पुढल्याच क्षणी, ज्या आत्मविश्वासाने पोवई नाक्यावरच्या तरुणाने कार्ड मृत घोषित केले होते त्याच आत्मविश्वासाने भाचा उद्गारला, "हो, हो, तेच!"

मी ते टंकित करून एंटर दाबले. संगणक पडद्याला सेकंदाला साठाऐवजी नव्वदाहून अधिक चित्रे पाठवू लागला. पडदा काळाठिक्कर पडला, आणि त्या अंधारात 'आउट ऑफ रेंज' अशी एक चौकट या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सावकाश भटकू लागली. सौभाग्यवती म्हणाल्या, "निदान आता जाड तरी दिसत नाही."

भाच्याने कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 या तीन कळा एकदम दाबावयास सांगितले. दाबताच अंधार फाकून शुभ्र अक्षरांत नाव विचारण्यात आले. नाव दिले, मग परवलीचा शब्द विचारण्यात आला, आणि तो देऊ लागलो तर पडद्यावर ना अक्षर उमटे ना टिंब. कळफलकही गेला असे समजून मी एक एक कळ अधिकाधिक जोराने हाणू लागलो, तेव्हा पलीकडून खुलासा आला की परवलीचा शब्द दिसत नाही हेच योग्य आहे, दिसला असता तर चिंतेचे कारण होते. आत प्रवेश मिळताच, कायद्याची मुभा असेल तितपत या प्रणालीबद्दल कोणतीही हमी देण्यात येत नाही, अशा अर्थाची एक नोटीस झळकली. अव्वल कारकुनांनी ती चष्मा सरसावून दोनदा वाचली आणि ते खरोखर गहिवरले. "सर, सगळा जन्म कचेरीत काढला," ते म्हणाले, "पण काम होणार नाही असं दारातच लिहून देणारं खातं पहिल्यांदा बघतोय."

सांत्वन म्हणून भाच्याने सांगितले की ज्या टोरवाल्ड्सने हा गाभा लिहिला, त्यालाही पडद्याच्या कारभाराने असेच गांजले आहे. 2012 साली फिनलंडमध्ये श्रोत्यांसमोर बोलताना त्याने एनव्हिडिया या चित्रकार्डे बनवणाऱ्या कंपनीला उद्देशून हाताचे मधले बोट दाखवले होते. मला या वृत्ताने काहीसा धीर आला, अव्वल कारकून मात्र सुस्कारा टाकून म्हणाले, "नशीबवान माणूस! त्याला बोट दाखवायला कंपनी तरी होती."

यंत्र पुन्हा सुरू करताच चित्र परतले आणि त्याबरोबर लठ्ठपणाही परतला. तेव्हा "सीपीयू घेऊन सांगलीला या" असे फर्मान निघाले. मी ती लोखंडी पेटी जुन्या चादरीत बांधून एसटीच्या आसनावर मांडीवर घेतली. पासष्टी ओलांडल्यामुळे मला अर्धे तिकीट लागते; ते देऊन वाहकाने पेटीकडे पाहून विचारले, "हे काय?"

"संगणक आहे."

"चालू आहे?"

"चालू असता तर नेला असता का?"

"मग लगेज लागंल."

चालू असता तर लागले नसते काय, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. कराडमार्गे सांगली येईपर्यंत शेजारच्या प्रवाशाने त्या पेटीत वाण्याचे वजनकाटे असावेत, अशी समजूत करून घेतली होती आणि मी ती मोडली नाही.

सांगलीत भाच्याने ती पेटी स्वतःच्या मेजावर ठेवून आपला पडदा, आपली केबल जोडली, कळ दाबली, आणि कोणतीही आज्ञा न देता, कोणताही आकडा न उच्चारता, चित्र काठोकाठ, सुस्पष्ट आणि सडसडीत उमटले. डोंगर डोंगरासारखा दिसला. कासच्या पठारावर सौभाग्यवती आपल्या मूळ आकारमानात उभ्या होत्या. दाराशी भडंगाची ताटली घेऊन उभे असलेले मेहुणे हे दृश्य पाहून जे हसले ते केवळ संगणकाकडे पाहून हसलेले नव्हते.

"पडदा कसा उघडायचा हे सांगलीला कुणी शिकवू नये," ते म्हणाले. "विष्णुदास भाव्यांनी 1843 साली 'सीता स्वयंवर' इथंच केलं. मराठी रंगभूमी इथून सुरू झाली. हे कृष्णेच्या पाण्याचं तेज आहे!"

इतिहासशिक्षकापुढे असा वार अनुत्तरित राहत नसतो. कृष्णेचे पाणी माहुलीला वेण्णेस भेटून, आमच्या वापरातून उरल्यावरच सांगलीला पोहोचते, हे मी प्रथम निदर्शनास आणून दिले. आणि हा जिल्हा 1949 साली साताऱ्यातून वेगळा काढल्यावरही 1960 पर्यंत त्याचे नाव 'दक्षिण सातारा' असेच होते, तेव्हा सदरहू दुरुस्ती तत्त्वतः साताऱ्यातच झाली असे मानण्यास प्रत्यवाय नाही, असा निष्कर्षही काढला. मेहुण्यांनी भडंगाची ताटली किंचित मागे घेतली. मूळ दोष कशात होता, हा प्रश्न त्या ऐतिहासिक धुमश्चक्रीत कोणालाच आठवला नाही.

तो साताऱ्यास परतल्यावर आठवला, कारण पेटी जागेवर ठेवून कळ दाबताच अजिंक्यतारा पुन्हा ताणला गेला होता. जे यंत्र सांगलीत निरोगी ते साताऱ्यात रोगी, ही बातमी पेठेने गावाच्या अब्रूवर घेतली. हवेतील दमटपणापासून लोहमार्गाच्या अंतरापर्यंत सर्व कारणांची छाननी झाली. "आता पडदा घेऊन या," असे भाच्याने सुचवताच सौभाग्यवतींनी दूरध्वनी माझ्या हातून काढून घेतला आणि त्याला स्पष्ट शब्दांत विचारले, "तुझ्याकडे अशी कुठली वस्तू होती जी आमच्याकडे नव्हती?"

हा प्रश्न अभियांत्रिकीच्या वर्गात शिकवला गेला नसावा, कारण भाचा बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने हळूच विचारले, "मामी, तुमच्या केबलला पिना किती आहेत?"

आता रहस्याचा उलगडा झाला. आमच्याकडच्यासारख्या जुन्या पडद्यांना जोडणाऱ्या व्हीजीए केबलीला पाच-पाचच्या तीन ओळींत पंधरा पिनांची जागा असते. त्यांपैकी काही पिना रंग व संकेत वाहून नेतात. बारावी व पंधरावी यांचे काम मात्र एवढेच, की पडद्याने स्वतःची ओळख संगणकाला कळवावी. ही ओळख अवघ्या 128 बाइटांची असते. तीत बनवणाऱ्याची तीन अक्षरी खूण, निर्मितीचे वर्ष आणि आपल्याला कोणत्या मापाचे चित्र रुचते याची नोंद असते. ती पोहोचली नाही तर समोर कोण बसले आहे हे संगणकाला कळत नाही, आणि अनोळखी इसमाशी तो 1024 बाय 768 च्या बेताबेतानेच बोलतो. जुनी विंडोज ओळखीची फारशी पर्वा न करता मोठ्या मापांची यादी पुढे करीत असे, म्हणून हे व्यंग इतकी वर्षे झाकलेले राहिले होते.

पंचनामा रीतसर झाला. सौभाग्यवतींनी पोथी वाचण्याचे भिंग आणले, मी विजेरी धरली, अव्वल कारकुनांनी मोजणी केली. बाराव्या व पंधराव्या जागी पिना नव्हत्या. तुटलेल्या नव्हत्या, मुळात बसवलेल्याच नव्हत्या. कोणा कारखानदाराने दोन पिनांची बचत केली होती. अव्वल कारकुनांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी तजेला आला. "सापडला!" ते गरजले. "नाव सांगा, अर्ज मी लिहितो!" आम्ही केबल या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली. तीवर नाव नव्हते, गाव नव्हते, छाप नव्हता, आणि ती घरात कोणी व कोठून आणली याबद्दल आम्हा उभयतांच्या जबान्या परस्परविरोधी होत्या. बऱ्याच विचारान्ती त्यांनी वहीत शेरा मारला: कसूरदार मिळून आला नाही.

पंधरा पिनांची केबल त्याच संध्याकाळी आणली. चित्र काठोकाठ बसले, सौभाग्यवती पूर्ववत झाल्या, माझी प्रकृती मात्र पुन्हा खालावली. प्रणालीबद्दल माझी तक्रार नाही. ती आजही बिनबोभाट चालते, आणि एवढ्या भानगडीत तिने एकदाही खोटे सांगितले नव्हते, हे श्रेय तिला दिले पाहिजे. "ठाऊक नाही" असे स्वच्छपणे सांगणारी या सबंध प्रकरणात ती एकटीच होती.

ज्या वाचकांच्या घरी असाच जुना पडदा आणि असाच उत्साही भाचा असेल, त्यांना एवढीच विनंती की केबल विकत घेताना दुकानातच उजेडात धरून तिच्या पिना मोजून घ्याव्यात. नववी नसली तरी बहुधा चालते. बारावी आणि पंधरावी मात्र हवीच. आणि पैसे देण्यापूर्वी दुकानदाराकडून सहीशिक्क्याची पावती अवश्य घ्यावी. केबल बिघडल्यावर त्या पावतीने ती बदलून मिळेल असे नाही. परंतु तीवर एक नाव असते, आणि गृहस्थाश्रमात त्याची फार गरज पडते.